बालवाचकांचा कौल कोण घेणार?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रातील शाळांतून ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. २०१५ पासून चालत आलेल्या या उपक्रमाचे स्वरूप आता ठरून गेले आहे. फलकावर सुविचार लिहिला जातो, प्रतिमेला हार घातला जातो, वाचनाचे महत्त्व सांगणारी दोन-तीन भाषणे होतात आणि कपाटातील काही पुस्तके सतरंजीवर मांडून मुलांना अर्धा-पाऊण तास वाचावयास बसविले जाते. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु समोर मांडलेल्या पुस्तकांपैकी कोणते आवडले आणि कोणते चार पानांनंतर मिटून ठेवावेसे वाटले, हे त्या मुलांना सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी त्यांच्या उत्तराची नोंद कोठे होत नाही, आणि पुढील वर्षीच्या पुस्तकखरेदीवर त्याचा काडीइतकाही परिणाम होत नाही.

ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. बाजारात काय यावे आणि काय टिकावे, हे अंतिमतः ग्राहकाच्या पसंतीने ठरते, असे तो सिद्धान्त सांगतो. बालसाहित्य हा या सिद्धान्ताचा ठळक अपवाद म्हटला पाहिजे. येथे पुस्तक लिहितो प्रौढ माणूस, छापतो प्रौढ, परीक्षण लिहितो प्रौढ आणि विकत घेतो तोही प्रौढच. वाचावयाचे मात्र मुलाने. मुलाला पुस्तक आवडले नाही तर ते कपाटात पडून राहते. पण विक्री तर आधीच झालेली असते. प्रकाशकापर्यंत पोहोचतो तो खरेदी करणाऱ्याचा संकेत, आणि खरेदी करणाऱ्याला बोधकथा व थोरांची चरित्रे डोळे झाकून घेता येतात, कारण त्यांवर कोणी आक्षेप घेत नाही. पारितोषिकांचीही तीच कथा. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाला स्थान आहे. दोन्हींचे परीक्षक मोठी माणसे असतात. यात गैर काही नाही. जाणकारांचा निवाडा हवाच. प्रश्न असा की, ज्याच्यासाठी हा सारा व्यवहार चालतो त्याचा निवाडा ऐकण्याची एखादीही व्यवस्था आपल्याकडे का नसावी?

अशी व्यवस्था अन्यत्र आहे, आणि ती आजकालची नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातील ग्रंथालय संघटनेने १९४० मध्ये, सिॲटल शहरातील एका पुस्तकविक्रेत्याच्या सूचनेवरून, बालवाचकांच्या मताने द्यावयाचा पुरस्कार सुरू केला. ही सूचना एखाद्या शिक्षणतज्ज्ञाकडून न येता दुकानदाराकडून आली, याचे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नवल वाटणार नाही. कोणते पुस्तक मूल हातचे सोडीत नाही आणि कोणते आई-वडील बळेच त्याच्या हाती देतात, हे गल्ल्यावर बसणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला दिसणार?

संपूर्ण राज्याच्या पातळीवर असा पुरस्कार देण्याचा अमेरिकेतील पहिला मान कॅन्सस या शेतीप्रधान राज्याकडे जातो. १९५२ मध्ये रूथ गॅग्लियार्डो या बालसाहित्याच्या जाणकार बाईंच्या पुढाकाराने तो स्थापन झाला. एम्पोरिया या लहानशा गावातील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाने (आता ते विद्यापीठ आहे) त्याची जबाबदारी उचलली, आणि पुरस्काराला नाव दिले गेले ते विल्यम ॲलन व्हाइट यांचे. हे व्हाइट म्हणजे त्याच गावच्या वृत्तपत्राचे संपादक. १९४४ मध्ये ते निवर्तले. गाव न सोडता त्यांनी राष्ट्रीय कीर्ती मिळविली आणि १९२३ मध्ये एका अग्रलेखासाठी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. गावच्या संपादकाच्या नावाने गावच्या महाविद्यालयाने मुलांच्या मताचा उत्सव सुरू करावा आणि तो सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकावा, हे आपल्याकडील तालुक्याच्या महाविद्यालयांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

या योजनेची रचना साधी आहे. शिक्षक, ग्रंथपाल आदींची समिती दरवर्षी काही नव्या पुस्तकांची यादी करते. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये ती पुस्तके आणून ठेवतात. मुले वाचतात आणि वर्षाअखेर मतदान होते. आता तिसरी ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन गट आहेत. मात्र मतदानाला एक अट आहे : यादीतील किमान दोन पुस्तके वाचल्याशिवाय मत देता येत नाही. टेक्सस राज्यात १९७९ पासून चालणाऱ्या ‘ब्लूबॉनेट’ पुरस्काराच्या यादीत वीस पुस्तके असतात आणि मताधिकारासाठी पाच वाचावी लागतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या ग्रंथालय संघटनेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘सिल्व्हर बर्च’ पुरस्कारात दहांपैकी पाच.

परीक्षार्थी आणि परीक्षक

प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व योजनांचा प्राण या अटीत आहे. आपल्या शाळांतील वाचनस्पर्धा ‘कोणी किती पुस्तके वाचली’ या हिशेबावर चालतात. त्याचा परिणाम कोणत्याही शिक्षकाला विचारावा. मुले सर्वांत पातळ पुस्तक शोधतात, मुखपृष्ठावरील मजकूर उतरवून ‘सारांश’ म्हणून देतात, आणि वहीत संख्या फुगत जाते. जेथे संख्येला बक्षीस असते तेथे संख्याच तयार होते. उत्पादनाच्या उद्दिष्टांपायी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थांची जी गत झाली तीच ही. मुलांच्या पसंतीच्या पुरस्कारात बक्षीस मुलाला नसते, पुस्तकाला असते. मूल तेथे परीक्षेला बसलेले नसते. ते निवाडा देण्यासाठी बसलेले असते. बालवाडीपासून ज्याला सदोदित कोणी ना कोणी तपासत आले आहे, त्याला वर्षातून एकदा लेखकाला तपासण्याची संधी मिळते. निवाडा द्यावयाचा तर तुलना हवी, आणि तुलनेसाठी एकाहून अधिक पुस्तके वाचणे ओघानेच येते. शिवाय आपले आवडते पुस्तक जिंकावे म्हणून मित्रांनीही ते वाचावे, अशी खटपट मुले आपण होऊन करतात. हे काम शंभर भाषणांनी होत नाही.

इंग्लंडमधील उदाहरण थोडे निराळे आहे. तेथे १९६८ मध्ये ॲन वुड या बाईंनी (पुढे ‘टेलिटबीज’ ही चिमुकल्यांची दूरचित्रवाणी मालिका निर्माण करणाऱ्या याच) स्थानिक बालपुस्तक मंडळांचा एक महासंघ उभारला. हौशी पालक-शिक्षकांच्या या महासंघाने १९८० मध्ये जो पुरस्कार सुरू केला, त्यात प्रौढांनी केलेली यादीही नसते. प्रकाशकांकडून आलेली नवी पुस्तके गावोगावच्या मंडळांमार्फत घरांतून आणि शाळांतून मुलांपर्यंत जातात. त्यांच्याच अभिप्रायांतून दहा पुस्तके निवडली जातात, आणि अंतिम मतदानही मुलेच करतात. या पुरस्काराच्या मानकऱ्यांत रोआल्ड डालचे ‘मटिल्डा’ आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील पाच वर्षांची मुलगी दूरचित्रवाणीपुढे बसून जेवणाऱ्या आई-बापांना न जुमानता सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचीत बसते. ब्रिटिश ग्रंथपालांच्या वतीने १९३६ पासून दिले जाणारे प्रतिष्ठित ‘कार्नेगी पदक’ मात्र डालला आयुष्यात कधीही मिळाले नाही.

ग्रंथपालांचा निवाडा आणि वाचकांचा निवाडा यांत अशी फारकत पडल्याचे आणखी प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. १९५२ मध्ये ई. बी. व्हाइटचे ‘शार्लट्स वेब’ प्रसिद्ध झाले. एक डुकराचे पिलू आणि एक कोळीण यांच्या मैत्रीची ही कथा आज जगभर वाचली जाते. १९५३ चे न्यूबरी पदक मात्र दुसऱ्याच एका पुस्तकाला मिळाले आणि ‘शार्लट्स वेब’ला उल्लेखनीय पुस्तक या दुय्यम सन्मानावर समाधान मानावे लागले. पदक मिळविणाऱ्या त्या पुस्तकाचे नाव आज बालसाहित्याच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाला आठवत नाही.

आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला मुलांनी असाच कौल दिला, फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या बनेशला लोकप्रियतेसाठी कोणत्याही समितीच्या शिफारशीची गरज लागली नाही. परंतु असे कौल आपोआप उमटावयाचे तर पुस्तक आधी मुलांच्या हाती पडावे लागते. भागवतांच्या काळी गल्लीतल्या वाचनालयाने ते काम केले. आज त्या वाचनालयाची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे, आणि तो काय दाखवितो हे मुलाच्या शिक्षकाला माहीत नसते.

उथळपणाची भीती

मुलांच्या हाती निवाडा दिला तर ती हलक्याफुलक्या, विनोदी आणि भुताखेतांच्या पुस्तकांनाच निवडतील, हा आक्षेप सर्वांत जुना आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. तरीही कॅन्ससच्या मुलांनी १९५३ मध्ये पहिलाच पुरस्कार दिला तो ‘एमस फॉर्च्यून, फ्री मॅन’ या एलिझाबेथ येट्स यांच्या पुस्तकाला. आफ्रिकेतून पकडून आणलेला एक गुलाम साठीच्या सुमारास स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतो, कातडी कमावण्याचा धंदा करतो आणि मरताना गावच्या चर्चला व शाळेला पैसे ठेवून जातो, अशी ती खऱ्या माणसाची जीवनकथा. (त्यातील गुलामगिरीच्या चित्रणावर पुढे टीका झाली, तो विषय वेगळा.) याच पुस्तकाला १९५१ चे न्यूबरी पदक मिळालेले होते, म्हणजे या वेळी थोरांचे आणि लहानांचे मत जुळले. गंभीर विषयाला मुले बिचकत नाहीत. रटाळ सांगण्याला बिचकतात.

यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आक्षेप बाजारपेठेचा आहे. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००७ या काळात ‘स्मार्टीज’ या गोळ्यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जाई. प्रौढ परीक्षक अंतिम यादी करीत आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके कोणास द्यावीत हे शाळकरी मुलांच्या मतांवर ठरे. १९९७ मध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या गटातील सुवर्णपदक एका नवख्या लेखिकेच्या पहिल्याच पुस्तकाला मिळाले. त्या पुस्तकाच्या पहिल्या मुद्रणात पक्क्या बांधणीच्या प्रती अवघ्या ५०० निघाल्या होत्या. आपल्याकडील एखाद्या कवितासंग्रहाची शोभावी अशी ही संख्या! ते पुस्तक म्हणजे पहिले ‘हॅरी पॉटर’. त्याच्या पुढील यशाचे सारे श्रेय या पदकाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण जाहिरातीचे बळ नसलेले पुस्तक मुलांच्या मताने वर येऊ शकते, एवढे त्यातून खचित दिसते. दुसरी बाजूही तितकीच खरी. १९९८ आणि १९९९ मध्येही सुवर्णपदक त्याच मालिकेला गेले, आणि पुढे लेखिकेनेच इतरांना वाव मिळावा म्हणून चौथे पुस्तक स्पर्धेबाहेर ठेवले. म्हणजे जे आधीच सर्वांना माहीत आहे त्याच्याकडे मते वाहत जाण्याचा धोका येथेही असतोच. लेखिकेचा समंजसपणा हा त्यावरचा भरवशाचा उपाय नव्हे. नियमातच तशी तरतूद हवी.

आणि या पुरस्कारांकडून भलत्या अपेक्षा करू नयेत, हेही सांगितले पाहिजे. ज्या ब्रिटनमध्ये १९८० पासून अशी परंपरा आहे, तेथील राष्ट्रीय साक्षरता न्यासाच्या २०२५ च्या पाहणीत फावल्या वेळी वाचावयास आवडते असे सांगणारी ८ ते १८ वयोगटातील मुले अवघी ३२.७ टक्के निघाली. वीस वर्षांच्या पाहण्यांतील हा नीचांक आहे. पडद्याच्या लोंढ्याला एखादा पुरस्कार थोपवू शकत नाही. असा पुरस्कार करू शकतो ते एवढेच : शाळेच्या कपाटात कोणती पुस्तके यावीत याला वळण लावणे, आणि ते कपाट उघडण्यास कारण पुरविणे. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टींची निकड आहे.

कायद्याने पाहू जाता आपली स्थिती वाईट नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी, शाळेच्या स्तरानुसार, वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. आता थोडा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहू. समजा, यादीत दहा पुस्तके ठेवली, सरासरी किंमत १२० रुपये धरली आणि प्रत्येकाच्या तीन प्रती घेतल्या, तर एका शाळेचा खर्च ३,६०० रुपये होतो. म्हणजे सर्वांत लहान अनुदानातही तो बसतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळांनी तर केंद्रातील आठ-दहा शाळांत मिळून एकच संच फिरविला तरी भागेल. दुसऱ्या बाजूने पाहा. महाराष्ट्रात शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून सुमारे ६५ हजार शाळा आहेत. त्यांपैकी ५ हजार शाळांनी जरी यात भाग घेतला, तरी यादीतील प्रत्येक पुस्तकाच्या १५ हजार प्रती खपतात. हजार-पाचशेच्या आवृत्तीवर दिवस काढणाऱ्या मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकाला ही मागणी आधी कळली, तर रंगीत चित्रांचे पुस्तकही त्याला स्वस्तात देता येईल, कारण छपाईतील स्थिर खर्च अधिक प्रतींवर विभागला जातो. आणि आज मराठीत चित्रकाराला मिळणारे मानधन पाहता थोडा अधिक पैसा त्याच्याकडेही वळावा.

अर्थात जेथे खरेदी आहे तेथे यादीत शिरण्याची धडपड आलीच. सरकारी खरेदीच्या याद्यांविषयीच्या तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत. एका लेखकाचे आणि एका प्रकाशकाचे एकच पुस्तक, गेल्या दोन-तीन वर्षांतीलच प्रकाशने, समितीवर लेखक-प्रकाशकांना मज्जाव, आणि निवडीची कारणे जाहीर करणे, एवढी पथ्ये पाळली तरी बराचसा बंदोबस्त होईल. पूर्ण होणार नाही. परंतु आजच्या खरेदीत नसलेला एक अंकुश येथे असेल : वशिल्याने यादीत घुसलेले पुस्तक मतमोजणीत शून्यावर राहिले, तर ते साऱ्या राज्याला दिसेल.

यादी कोणासाठी करावयाची, याचेही भान हवे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. उरलेल्या निम्म्या मुलांना दीडशे पानांच्या कादंबऱ्यांच्या यादीने आपोआपच मताधिकार नाकारला जाईल, आणि पुरस्कार पुन्हा शहरातील वाचत्या घरांच्या मुलांचा होऊन बसेल. म्हणून चार ओळींची चित्रपुस्तके यादीत हवीत, आणि शिक्षकांनी किंवा मोठ्या ताईने मोठ्याने वाचून दाखविलेले पुस्तकही ‘वाचलेले’ धरले पाहिजे. मतांचा निकालही महसूल विभागांनुसार वेगळा लावावा. मेळघाटातील मुलांना जे आवडले ते गिरगावातील मुलांना आवडेलच असे नाही, आणि एकाच बेरजेत मेळघाटचे मत बुडून जाईल. तेथील मुलांनी सगळीच पुस्तके नापसंत केली, तर ती माहितीही प्रकाशकांना मोलाची आहे. त्यासाठी मतपत्रिकेवर ‘यांपैकी एकही नाही’ असा रकाना ठेवावयास काय हरकत आहे?

मतदान घेण्याचा अनुभव शाळांना आहे. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका अनेक ठिकाणी रीतसर मतपत्रिका व मतपेटी ठेवून होतात. भीती वेगळीच आहे. परिपत्रक निघेल, शंभर टक्के मतदानाचे उद्दिष्ट येईल, छायाचित्रे ‘अपलोड’ करण्याची मुदत ठरेल, आणि आधीच नाना माहितीपत्रके भरण्यात बुडालेला शिक्षक वर्गातील हुशार मुलाला विचारून चाळीस मतपत्रिका एकाच हाताने भरून टाकील. दोष त्याचा नसेल. म्हणून प्रारंभी तरी ही योजना स्वेच्छेची असावी. एखाद्या जिल्ह्यातील ज्या शाळांना हौस आहे त्यांनीच ती घ्यावी, आणि मतमोजणीचे काम जवळच्या अध्यापक विद्यालयाने किंवा महाविद्यालयाने करावे. त्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खरीखुरी आकडेवारी हाताळावयास मिळेल, हा आणखी एक लाभ.

एक अडचण मात्र जिल्ह्याच्या पातळीवर सुटणार नाही. शाळेतील पुस्तके कुलपात का राहतात, याचे कारण शिक्षकांची अनास्था हे क्वचितच असते. पुस्तक नोंदवहीत चढलेले असते, ते हरवले किंवा फाटले तर बदलीच्या वेळी कार्यभार देताना त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि भरपाई खिशातून करावी लागेल या धास्तीने मुख्याध्यापक किल्ली जपून ठेवतात. चाळीस मुलांच्या हातांतून वर्षभर फिरलेले पुस्तक नव्यासारखे राहील अशी अपेक्षा करणे म्हणजे ते वाचू नका असे सांगण्यासारखे आहे. शिक्षण विभागाने या योजनेसाठी एकच आदेश काढावयाचा ठरविला, तर तो असा असावा : पुरस्काराच्या यादीतील पुस्तके जडसंग्रहाच्या नोंदवहीत न घेता खडू, शाई आणि कागद यांप्रमाणे वर्षभरात संपणाऱ्या वस्तूंत धरावीत, आणि फाटलेल्या प्रतीबद्दल शिक्षकाकडे खुलासा मागू नये.